चंद्राला सुट्टी

ज्या बाईला भाऊ नाही तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, अशी आमच्याकडे रीत. मी आईवडिलांची एकुलती एक. त्यामुळे सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर दर दिवाळीत मी आणि आई तबक घेऊन उभ्या असायचो. बीजेची कोर नखाएवढी, आणि दिल्लीच्या फटाक्यांच्या धुरात तीही धड दिसायची नाही. शेजारच्या पंजाबी आंटी विचारायच्या, "ये किसकी पूजा हो रही है, बेटा?" मी फणकाऱ्यानं सांगायचे, "मेरे भाई की." त्या चंद्राचा मला मनापासून राग यायचा. ऐटीत ओवाळून घ्यायचा आणि तबकात काही न टाकता पाण्याच्या टाकीमागे निघून जायचा.

मग सुधन्वा आला. सार्वजनिक आरोग्याचं शिकायला पुण्याहून दिल्लीत आलेला, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, जवळच्याच एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, भाड्यानं राहणारा. आईच्या आमटीची चटक लागली आणि महिन्याभरात तो आमच्याच घरचा झाला. त्या दिवाळीत मी तबक घेऊन गच्चीकडे निघाले, तर हा पठ्ठ्या पाट मांडून, डोक्यावर रुमाल टाकून बसलेला. म्हणाला, "ताई, आता चंद्राला सुट्टी दे." आई पदरानं डोळे पुसायला लागली. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं चंद्र सुट्टीवरच होता.

नव्वदनंतर देशात बाहेरचा पैसा आला, बाहेरच्या मोटारी आल्या. गुडगावात मोहरीच्या शेतांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्याच एकीत सुधन्वानं आपली संस्था थाटली. परदेशी देणग्या घ्यायच्या आणि आफ्रिकेतल्या गरीब वस्त्यांमध्ये एचआयव्हीचं काम करायचं. आपल्याकडच्या कारखान्यांत तीन औषधांची मिळून एक स्वस्त गोळी निघायला लागली होती, ती तिकडे पोचवायची. शिवाय रोग पसरू नये म्हणून प्रचार करायचा. मी तेव्हा एका मोठ्या सरकारी इस्पितळात नर्सेसना शिकवत होते. "ताई, तुझ्यासारखं शिकवणारं मला दुसरं कुणी मिळणार नाही," असं तो म्हणाला आणि मी पेन्शनची नोकरी सोडली. आमचे हे, दत्तात्रय, कृषी मंत्रालयात. लेखी आदेशाशिवाय पंखासुद्धा न लावणारा माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "लेखी काही दिलंय का त्यानं?"

"भावाकडून लेखी घेतात का?" मी म्हटलं. त्यावर ते वर्तमानपत्र वाचत बसले.

एस्नार्ट फिरी आमच्याकडे आली ती २००३च्या दिवाळीत. झांबियातल्या तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यातलं एक गाव, तिथं आमच्या संस्थेचा दवाखाना. एस्नार्टचा नवरा याच रोगानं गेला होता, ती स्वतःही गोळ्यांवर होती आणि दवाखान्यासाठी घरोघर फिरून बायकांना तपासणीला आणायचं काम करत होती. त्या उन्हाळ्यात मी तिकडे जाऊन तिला आणि इतरांना शिकवून आले होते. आता ती गुडगावला पुढच्या प्रशिक्षणासाठी आली होती. ऐन दिवाळीत पाहुणीला गेस्ट हाउसवर काय ठेवायचं, म्हणून मी तिला दिल्लीतल्या द्वारका वसाहतीत, आमच्या घरी घेऊन आले. उंच, सावकाश बोलणारी बाई. ज्वारीच्या पिठाची उकड खाऊन म्हणाली, "हे आमचंच आहे, फक्त तुम्ही फोडणी घालून बिघडवता." मला ती तेव्हाच आवडली.

त्या दिवसांत ऑफिसात एकच वाद पेटलेला. औषध की प्रतिबंध? देणगीदार म्हणत होते, एकेका रोग्याला जन्मभर गोळ्या पुरवण्यापेक्षा तेवढ्याच पैशात शंभरांना रोग होण्याआधीच वाचवा. ऐकायला बरोबर वाटतं. मी काही प्रतिबंधाची वैरीण नव्हे, कंडोम कसा वापरायचा हे मी लाकडी दांडक्यावर जितक्या वेळा दाखवलंय तितक्या वेळा पोळ्या लाटल्या नसतील. पण एस्नार्ट आणि मी, दोघींनीही दवाखान्याच्या दारात उभं राहून पाहिलं होतं की गोळ्या यायच्या आधी तपासणीला चिटपाखरू फिरकत नव्हतं. नुसती वाईट बातमी ऐकायला कोण रांग लावेल? गोळ्या आल्या तशा बायका आल्या. तपासणी झाली, मग नवऱ्यांशी बोलणं झालं, पोटातली बाळं वाचली. औषधाच्या आशेनं आलेल्या माणसालाच प्रतिबंध शिकवता येतो. हे मी मीटिंगमध्ये सांगायचे आणि सुधन्वा सगळ्यांत आधी मान डोलवायचा.

भाऊबीजेला तो आला, डोक्यावर रुमाल टाकून पाटावर बसला. माझी मुलगी इशिता तेव्हा तेरा वर्षांची; दिल्लीत वाढल्यामुळे निम्मे मराठी शब्द तिच्या तोंडून केव्हाच पळालेले.

"आई, ते दिव्याखाली ठेवतात ते राउंड वालं काय म्हणतात?"

"सुपारी, बाई. जा, घेऊन ये."

एस्नार्ट सोफ्याच्या कडेला बसून सगळं बघत होती. मी सुधन्वाला ओवाळलं. त्यानं पिशवीतून साडी काढली.

"साडी ठेव बाजूला," मी म्हटलं. "या वर्षी ओवाळणी मी मागणार."

"माग ना, ताई. बिल्कुल माग."

"एस्नार्टच्या गावात ज्या बायकांना गोळ्या सुरू केल्यात, त्यांच्या गोळ्या कधी बंद पडू द्यायच्या नाहीत. नव्यानं कुणाला द्यायच्या, प्रचाराला किती ठेवायचं, ते तू आणि तुझे देणगीदार भांडत बसा. पण सुरू केलेलं तोडायचं नाही. मधेच तोडलं तर रोग उलटतो आणि मग तीच गोळी लागू पडत नाही. तुला हे मी सांगायला नको."

सुधन्वानं निरांजनाच्या ज्योतीवर हात धरला, ओंजळ डोळ्यांना लावली आणि म्हणाला, "दिली." मग एस्नार्टकडे वळून त्यानं इंग्रजीत समजावलं, की बहिणीनं दिव्यासमोर मागितलेलं मी आत्ता दिलं आहे.

एस्नार्टनं मला विचारलं, "दिव्यासमोर दिलेला शब्द भाऊ मोडू शकतो का?"

"आमच्यात नाही मोडत," मी हसत म्हटलं.

ती हसली नाही. तिनं ते नीट ऐकून घेतलं. गावी परतल्यावर दवाखान्याच्या आवारात बायकांना बसवून तिनं हे सगळं सांगितलं, तबक, ज्योत, रुमाल, सगळं. ज्या बायका इतके दिवस "आज गोळ्या देतील, उद्या निघून जातील" म्हणून लांब राहिल्या होत्या, त्याही त्यानंतर आल्या. फोनवर मला हे सांगताना तिचा आवाज कधी नव्हे इतका भरभर धावत होता.

संक्रांतीला दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला जाते, काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी. तिथं नारळ फोडायचा, तिळगूळ वाटायचा आणि भाषण ऐकायचं. भाषण दर वर्षी सुधन्वाचं. त्या जानेवारीतही थंडीत कुडकुडत आम्ही ऐकलं. "अब्दालीनं नाही हरवलं आपल्याला," तो म्हणाला, "भुकेनं हरवलं. रसद तुटली. मागून येतो म्हणणारे आले नाहीत. उपाशी माणसं लढायला उभी राहिली, कारण त्यांना दिलेल्या शब्दावर त्यांचा भरवसा होता." बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले, आणि गर्वानं शेजारणीला म्हटलं, "माझा भाऊ आहे."

त्याच महिन्यात त्यानं मला मानेसरला पाठवलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने, बिहार-यूपीहून आलेली एकटी राहणारी पोरं, त्यांना रोगापासून वाचायचं शिकवायचं. "ताई, हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही," तो म्हणाला. मला बरं वाटलं. रोज कंपनीच्या बसनं जायचं, जेवणाच्या सुट्टीत दांडकं काढायचं, पोरांनी आधी लाजायचं, मग हसायचं, मग शहाण्यासारखे प्रश्न विचारायचे. गुडगावच्या ऑफिसात जाणं जवळपास थांबलंच. होळीला सुधन्वा घरी आला, तुपात बुडवून पुरणपोळ्या खाल्ल्या. मी झांबियाचं विचारलं. "सब ठीक, ताई," तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये एस्नार्टचा फोन आला. या वेळी गोळ्यांचं खोकं आलं नव्हतं. कपाट रिकामं होत आलं होतं.

"जहाज उशिरा लागलं असेल," मी सांगितलं. "थोडे दिवस सांभाळून घे. मी भावाशी बोलते."

भाऊ परदेशात होता. ऑफिसात ज्याला विचारावं तो म्हणे, "सरांनाच माहीत." पुन्हा तिचा फोन आला. खोकं पोचलं होतं, पण त्यात टीशर्ट होते, कंडोम होते आणि गावातल्या चौकात लावायचे मोठे फलक. ज्या माणसानं खोकं आणलं त्यानं गोळ्यांच्या कपाटाची किल्लीही परत मागून घेतली होती. मी तिला पुन्हा तेच म्हटलं, सांभाळून घे. काहीतरी घोटाळा झालाय, एवढंच मला वाटत होतं. सुधन्वावर संशय घ्यायचा हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तो परतला त्या दिवशी मी मानेसरची बस सोडून गुडगावला गेले. त्याच्या केबिनमधून सगळं नवं शहर दिसतं. त्यानं माझ्यासाठी आल्याचा चहा मागवला.

"गोळ्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"बैस ना आधी."

"उभी आहे तेच बरं आहे. गोळ्या कुठे आहेत?"

तो टाय सैल करत म्हणाला, "ते बंद केलं, ताई. पूर्णपणे प्रतिबंधाकडे वळलोय आपण. तेवढ्याच खर्चात दोन देशांत काम होतंय आता. यू हॅव टु सी द बिगर पिक्चर."

"कधी ठरलं?"

"ताई, तू चहा..."

"कधी ठरलं, सुधन्वा?"

"होळीच्या आधी."

मला एकदम त्या पुरणपोळ्या आठवल्या. माझ्या घरात, माझ्या हातचं तूप वाढून घेत, याच्या पोटात हे होतं. "आणि मला मानेसरला धाडलंस ते?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "तू इथं असतीस तर भांडली असतीस. मीटिंगमध्ये तुझ्यासमोर माझं काही चाललं नसतं. पण मानेसरचं काम खरंच चांगलं करतेयस, यार."

केसानं गळा कापणं म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. कापताना लागत नाही, उलट कुणी मानेवरून मायेनं हात फिरवतंय असं वाटतं.

"मी ओवाळणी मागितली होती," मी म्हटलं. "तू दिव्यावर हात धरून दिली होतीस. त्या बाईसमोर."

"ओवाळणी ही घरची गोष्ट आहे, ताई. ती ऑफिसच्या निर्णयात कशी आणायची? मला त्या क्षणी खरंच वाटलं होतं. पण देणगीदार हटून बसले. नाही म्हटलं असतं तर सगळंच बंद पडलं असतं, दवाखानाही आणि हे ऑफिसही."

"मग बंद पडायचं होतं. निदान त्यांना आधी सांगायचं होतं. दुसरीकडे कुठे गोळ्या शोधल्या असत्या त्यांनी. मिशनच्या इस्पितळात गेल्या असत्या. दर संक्रांतीला काला अंबला उभा राहून रसद तुटल्याचं रडतोस ना? इथं तर तूच तोडलीस. तीही मागच्या मागे, न सांगता."

हे मात्र त्याला लागलं. तो लाल झाला. मग अगदी थंडपणे म्हणाला, "भाषण वेगळं आणि बजेट वेगळं, ताई."

चहा तसाच ठेवून मी निघाले. नोकरी तिथंच सोडली. खाली रिक्षा मिळेना, म्हणून भर उन्हात हायवेपर्यंत चालत गेले आणि वाटेत मला मोठ्यानं रडू आलं. लोक बघत होते. बघू देत, म्हटलं.

एस्नार्टला फोन मीच केला. सगळं खरंखरं सांगितलं.

मग ती म्हणाली, "तू सांभाळून घे म्हणालीस. म्हणून मी माझ्या गोळ्या वाटल्या."

"वाटल्या म्हणजे?"

"ज्यांच्या संपल्या त्यांना अर्ध्या अर्ध्या दिल्या. तूच शिकवलं होतंस, अर्धी घ्यायची नाही. माहीत होतं मला. पण जहाज येणार होतं ना. थोड्याच दिवसांचा प्रश्न होता."

ती पुढे सांगत राहिली. दोघी अंथरुणाला खिळल्या आहेत. चौकात फलक लागलाय, टीशर्ट पोरं फुटबॉल खेळताना घालतात. तपासणीच्या खोलीत मात्र आता कोणी येत नाही. नर्स दिवसभर दारात खुर्ची टाकून बसते आणि संध्याकाळी कुलूप लावून जाते.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही. देवाशपथ नाही. मला कुणी सांगितलंच नाही."

"मी मानते," एस्नार्ट म्हणाली. "पण बायकांना काय सांगू? मीच त्यांना सांगितलं होतं, की तो तिचा भाऊ आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. आता बहिणीला माहीत नव्हतं म्हटलं तर कोण मानेल?"



पुढचे दोन महिने मी दिल्लीतल्या आणि बाहेरच्या, ओळखीच्या आणि बिनओळखीच्या सगळ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी तिथल्याच एका लांबच्या मिशन इस्पितळानं त्या बायकांना घेतलं. एस्नार्टलाही. पण ज्या गोळीनं ती तीन वर्षं उभी होती ती आता तिला लागू पडेना. दुसरं औषध तिथं नव्हतं. दिवाळीच्या आधी मी फोन केला तेव्हा तिच्या भाचीनं उचलला आणि मावशी झोपली आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशीही झोपलेलीच होती.

त्या वर्षी भाऊबीजेला माझ्याकडे काही होणार नाही, असं मी गृहीत धरलं होतं. दुपारी साधा वरणभात केला. उन्हं उतरता उतरता बेल वाजली. इशितानं दार उघडलं.

"आई, मामा आलाय!"

सुधन्वा आत आला. नवा सिल्कचा कुर्ता, हातात पैठणीच्या दुकानाची पिशवी, तोंडभर हसू. जणू मधे काही घडलंच नाही. "ताई, रागावलीयस, ठीक आहे," तो म्हणाला. "ऑफिसचं ऑफिसात, घरचं घरात. वीस वर्षांची रीत मोडायची नाही." आणि आमच्या घरात पाट कुठे असतो हे त्याला ठाऊकच होतं. त्यानं स्वतःच दिवाणाखालून तो काढला, पूर्वेकडे तोंड करून मांडला, वर बसला आणि खिशातून रुमाल काढून डोक्यावर टाकला.

दत्तात्रय खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात गेले.

तबक काढलं. हळदकुंकू, अक्षता, सुपारी, आईची अंगठी. निरांजनात तूप घातलं, वात लावली. पहिल्याच काडीला पेटली. बाहेर आले तशी इशिता खुश झाली. तिला बिचारीला वाटलं, चलो, मिटलं भांडण. सुधन्वानं मान थोडी पुढे केली, कुंकवासाठी.

मी त्याच्या बाजूनं पुढे गेले. बाल्कनीचं दार उघडलं.

मेट्रोच्या अर्धवट खांबांच्या वर, मावळतीकडे, धुरकट केशरी आभाळात बीजेची कोर होती. फार वर खाली शोधावं लागलं नाही. मी तिच्याकडे अक्षता टाकल्या. सुपारी आणि अंगठी फिरवली आणि ज्योत हातानं आडोशाला धरून तीनदा ओवाळलं, आई दाखवायची तसंच. त्या चंद्रानं मला कधी काही दिलं नव्हतं, पण मी त्याला सुट्टी दिली तेव्हा तो बिचारा काही न बोलता गेला होता, आणि आज बोलावलं तर आला होता.

"आई, हे काय करतेयस?" इशिता दारात उभी राहून म्हणाली. "मामा इकडे बसलाय ना."

"ज्या बाईला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळते," मी तिला सांगितलं. हळू सांगितलं नाही.

मागे वळले तेव्हा सुधन्वा उठून उभा राहिला होता. त्याला अर्थ समजवायची गरज नव्हती. त्या रीतीतून मला सोडवायला तोच तर आमच्या दारात येऊन बसला होता. डोक्यावरचा रुमाल घसरून खांद्यावर आला होता, तो त्याला कळलाही नाही. पैठणीची पिशवी उचलून तो दाराकडे गेला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

दत्तात्रय उठले. त्यांनी पाट उचलला, पुसला आणि भिंतीला उभा करून ठेवला.